मेंढ्याचा मुहूर्त

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. स्कॉटलंडच्या एका बेटावर मी एका म्हाताऱ्या बाईच्या दगडी कुंपणाचं फाटक उघडलं आणि आतला मेंढा बाहेर सोडला. मोजून अकरा माणसं राहायची त्या बेटावर. आम्ही पाहुणे धरून पंधरा झालो होतो, आणि त्या पंधरांत हा उद्योग करणारी मी एकटी निघाले. चुकून नाही हं. कडी गंजलेली होती. ती दोन्ही हातांनी ओढून, अंगठा खरचटून घेऊन, पूर्ण शुद्धीत सोडला. वर आशीर्वादही दिला.

परवा दोह्यात, दुहैलला मुलाच्या घरी नातीला हे सांगितलं, तर ती डोळे मोठे करून म्हणाली, “आजी, दॅट्स अ क्राइम!” नातीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. हे इंग्रजी मला लगेच कळलं.

गुन्हा का घडला हे कळायला तेव्हाची मी कळायला हवी. तेव्हाची मी म्हणजे पंचेचाळिशीची, मदिनत खलीफात एका व्हिलाच्या मागच्या पोर्शनमध्ये राहणारी, आणि दोह्यातल्या समस्त बिनलग्नाच्या मराठी पुरुषांची स्वयंघोषित मावशी. दर शुक्रवारी आमच्याकडे पोह्यांना पंगत असायची. सांगलीचा वेल्डर, बीडचा ड्रायव्हर, चिपळूणचा एसी मेकॅनिक. खोलीत आठ-आठ जण राहणारी ही माणसं माझ्या हॉलमध्ये मांडी घालून बसली की मला नुसतं भरून यायचं. माझ्याकडे एक निळी फाइल होती. तिच्यात मुलामुलींचे फोटो, उंची, शिक्षण, अपेक्षा. चार लग्नं जमवली होती मी. त्यातलं एक मोडलं, पण ते मी मोजत नसे.

आणि मी मुहूर्त मानत नसे. पत्रिका तर नाहीच. “गुण जुळवायचे ते मी जुळवते, त्यात ग्रहांचं काय काम?” असं म्हणून पुन्हा सगळ्यांकडे बघायचे, कोणाला धक्का बसला का ते. चातुर्मासात लग्नं नाहीत, तुळशीचं लग्न लागेपर्यंत थांबा, असं कुणाची आई गावाहून फोनवर म्हणाली की मी त्या माउलीला पंधरा मिनिटं आधुनिक विचार ऐकवायचे. फोनचं कार्ड तिचं.

तर अशी मी.

ह्यांच्या गॅस प्लँटवर एक स्कॉटिश साहेब होता. वयानं ह्यांच्याहून बराच लहान, हुद्द्यानं दोन पायऱ्या वर. त्याची बायको मात्र माझ्याशी जीव लावून होती. बिचारीला आई नव्हती. ईदच्या आधी तिनं मला हळूच सांगितलं की दिवस गेलेत, चौथा महिना आहे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाळ येईल. मी तिथल्या तिथे तिची दृष्ट काढली. ती म्हणाली, “ईदच्या सुट्टीत आम्ही नवऱ्याच्या आईकडे बेटावर जातोय. तुम्ही दोघंही चला.”

ऑक्टोबर होता. दोह्यात अजून एसीशिवाय झोप येत नव्हती. मी विचार केला, थंड हवा, समुद्र, बेट, म्हणजे महाबळेश्वर आणि अलिबाग एकत्र. सलवार-कमीज, चपला, ह्यांचं एक जॅकेट आणि चिवड्याचा मोठा डबा घेऊन निघाले.

दोन विमानं, एक आगगाडी, एक मोठी बोट आणि शेवटी एक लहान बोट. ती लहान बोट आठवड्यातून दोनदा जायची आणि लाटा असल्या तर तेवढीही नाही. पलीकडे उतरले तेव्हा मी पालकाच्या भाजीच्या रंगाची झाले होते. धक्क्यावर गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, सत्तरीची, काटक, लाल गालांची बाई उभी होती. तिनं लेकाला मिठी मारली, सुनेच्या पोटाकडे बघून मान हलवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “गर्भार नक्की कोण आहे यांच्यातली?”

ती साहेबाची आई. मी तिला आजीबाई म्हणते, कारण तोपर्यंत ती फक्त आजी होण्याची वाट बघत होती. माझ्याशी ती बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी सावकाश आणि मोठ्यानं बोलायची, म्हणून तिचं इंग्रजी मला समजायचं.

बेटावर झाड नव्हतं. एकही नाही. ह्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, “इथं झाडं का नाहीत?” तर आजीबाई म्हणाली, “वारा त्यांना थांबू देत नाही. माणसांचंही तेच झालंय.” घरं दगडी, एकमेकांपासून एवढी लांब की शेजारणीकडे विरजण मागायला जावं तर परत येईपर्यंत दूध नासायचं. पाऊस वरून न पडता बाजूनं यायचा. माझी छत्री पहिल्या तासात उलटी झाली आणि दुसऱ्या तासात शेजारच्या बेटावर गेली.

आजीबाईच्या घरात चुलीवरच्या फळीवर घड्याळ होतं आणि घड्याळाखाली एक विमानाचं तिकीट. दोह्याचं. मार्चचा पूर्ण महिना. आयुष्यात ती विमानात बसली नव्हती. ती मला दिवसातून दोनदा ते तिकीट दाखवायची आणि पुन्हा घड्याळाखाली सरळ ठेवायची. “पोर मार्चच्या सुरुवातीला, माझ्या मेंढ्या एप्रिलच्या मध्यावर,” ती म्हणायची. “मधे मला पुरा महिना मिळतो. सुनेला आई नाही. मी नाही गेले तर त्या वाळवंटात कोण बघणार तिला?”

हे मी ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

घरामागे दगडी भिंतीच्या आत तिचा मेंढा एकटा होता. भिंतीपलीकडे उतारावर वीसेक मेंढ्या चरत होत्या आणि हा गडी फाटकाच्या फटीतून दिवसभर त्यांच्याकडे बघत उभा. शिंगं वळलेली, चेहरा काळा, आणि डोळ्यांत तोच भाव, जो सांगलीच्या वेल्डरच्या डोळ्यांत मुलीचा फोटो बघताना असायचा.

“हा एकटा का?” मी विचारलं.

“नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एकटाच,” आजीबाई म्हणाली. “त्याच्या आधी सोडायचा नाही. माझी आई तसंच करायची, तिची आईही.”

झालं! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हणजे इथेही चातुर्मास आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा. आईचं सांगणं, आईच्या आईचं सांगणं. एवढ्या लांब, जगाच्या टोकाला येऊनसुद्धा तेच खूळ! तिला आणखी एक प्रश्न विचारला असता, “का बरं नोव्हेंबर?” तर सगळं वाचलं असतं. पण तेव्हाची मी प्रश्न विचारत नसे. तेव्हाची मी उत्तरं देत असे.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब आणि हे मासे पकडायला गेले. सून झोपली होती. आजीबाई शेजारच्या म्हाताऱ्याला सूप द्यायला गेली होती, म्हणजे दीड तासाची निश्चिंती. मी चिवड्याची वाटी घेऊन मागे गेले. मेंढा फाटकापाशीच होता. मी त्याला म्हटलं, “काय रे बाबा, तुझी पण आई ऐकत नाही का?”

त्यानं नाकातून हवा सोडली. मला ते उत्तर वाटलं.

कडी ओढली. फाटक उघडलं. तो जागचा हलेना. माझ्याकडे बघत राहिला, खरंच का, म्हणून. “जा, लाजतोस काय,” मी म्हटलं. “मी आहे ना.” मग मात्र तो असा सुटला की मी भिंतीला चिकटले. आणि मी, नाशिकच्या शाळेत तीस वर्षांपूर्वी बक्षीस मिळवलेली, बी.ए. झालेली बाई, वाटीतले चार पोहे त्याच्यामागे अक्षतांसारखे उधळले आणि म्हटलं, “शुभमंगल सावधान.”

सावधान म्हणाले खरी. कोणाला, ते माहीत नाही.

घरी येऊन मी हात धुतले आणि चार लग्नांची पाच झाली या आनंदात चहा टाकला.

तासाभरात धुकं आलं. असं धुकं की दारातून अंगण दिसेना. त्यात आजीबाईनं रिकामं कुंपण पाहिलं. ती आत आली ती थेट लेकाकडे. तो नुकताच मासे घेऊन आला होता.

“फाटक कोणी उघडं ठेवलं? सकाळी कुंपणात तू गेला होतास.”

“मी लावलं होतं, मॉम.”

“लहानपणी पण असंच म्हणायचास.”

साहेब, प्लँटवर दोनशे माणसांना हलवणारा, खाली मान घालून उभा राहिला. आणि मी? मी बटाटे सोलत होते. एवढे बारीक सोलले की बटाटाच राहिला नाही. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला बायकोच्या सोललेल्या बटाट्यावरून सगळं कळतं. पण तेही गप्प बसले, कारण साहेब शेवटी साहेब.

धुकं चार दिवस होतं. मेंढा आणि मेंढ्या डोंगरावर, कुठे ते दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला आजीबाई बाहेरून आली, बूट न काढता टेबलापाशी आली, आणि मूठ उघडून माझ्या बशीच्या कडेला काहीतरी ठेवलं. चार पिवळेजर्द, भिजून फुगलेले पोहे. एकाला मोहरीचा दाणा चिकटलेला.

“या बेटावर हे उगवत नाही,” ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. फाइल, चातुर्मास, वेल्डर, तुळस. साहेबाची बायको खाली बघून ओठ चावत होती. ह्यांनी कपाळाला हात लावला. साहेबाच्या चेहऱ्यावर मात्र सुटका झालेल्या आरोपीचं तेज आलं होतं.

आजीबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग बोटं मोजली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. “मेंढी पाच महिन्यांनी विते,” ती म्हणाली. “नोव्हेंबरमध्ये सोडला तर पिल्लं एप्रिलमध्ये, तेव्हा गवत येतं. आता होतील ती मार्चच्या सुरुवातीला. तेव्हा इथं बर्फ असतं आणि खायला काही नसतं. आईच्या अंगाला दूध येत नाही. कोणी पाशी नसेल तर पिल्लू तासाभरात गारठतं.”

“शेजारी कोणी...” मी म्हटलं.

“शेजारी एकोणऐंशी वर्षांचा आहे. काल मी त्याला सूप द्यायला गेले होते.”

मग तिनं घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाखाली पाहिलं. आणि बूट काढायला बाहेर गेली. ती रागावली असती, भांडी आपटली असती, तर बरं झालं असतं. ती बूट काढत बराच वेळ पायरीवर बसून राहिली. तेव्हा मला कळलं की मी लग्न जमवलं नव्हतं. मी एका बाईचं पहिलं नातवंड तिच्या हातातून काढून घेतलं होतं.

बोट आली तेव्हा धुकं विरलं, मेंढा सापडला, अंगानं निम्मा आणि तोऱ्यानं दुप्पट. धक्क्यावर मी आजीबाईला म्हटलं, “तुमच्या सुनेचं बाळंतपण मी करीन. पूर्ण. आईनं करावं तसं.”

“तुला येतं का?” ती म्हणाली. “का तेही अंदाजानं?”

येत होतं. तेवढं एक मला खरंच येत होतं.

दोह्याला आल्यावर मी निळी फाइल कपाटावर टाकली. फेब्रुवारीत सूकच्या बाजारात गेले, डिंक, खारीक, सुंठ घेतली. मसालेवाल्याकडे अळीव कसे मागायचे ते कळेना, म्हणून ओंजळीत बाळ धरल्याची खूण केली. त्यानं लगेच “रशाद, रशाद!” म्हणत लाल बियांचं पोतं उघडलं. तिथल्या बाळंतिणीही तेच खातात म्हणे. मला एकदम धीर आला. जगात काही गोष्टी सगळ्यांना सारख्या ठाऊक असतात, फक्त मला मेंढ्यांचं ठाऊक नव्हतं.

मार्चच्या चौथ्या दिवशी मुलगी झाली. रोज सकाळी प्लँटवर जाताना हे मला दुहैलच्या त्यांच्या कंपाउंडवर सोडायचे. मी कमरेला एक जुनी सुती ओढणी खोचायचे, पाटावर पाय पसरून बसायचे, पायांवर बाळ घ्यायचे. खोबरेल तेलानं चोळायचं, डाळीचं पीठ आणि साय लावायची, आणि कढत नाही पण चांगलं ऊन पाणी. पहिल्या दिवशी साहेब दारातून बघून पांढरा पडला. “ती तिला धुवायचा कपडा समजतेय,” तो बायकोला म्हणाला. बाळ मात्र आंघोळ झाल्यावर चार तास झोपलं. दुसऱ्या दिवसापासून साहेबानं प्लँटवरून फोन करून आंघोळ झाली का विचारायला सुरुवात केली.

धुरीच्या दिवशी मात्र माझं थोडं चुकलं. निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं घातली, मस्त धूर झाला, आणि सगळ्या कंपाउंडचा अलार्म वाजायला लागला. सिक्युरिटीवाला नेपाळी गडी आग विझवायचं नळकांडं घेऊन आत घुसला. बाळंतीण चादर ओढून बसलेली, मी मध्यभागी शेगडी घेऊन. “मॅडम, आग किधर?” “आग नहीं, बच्चा है,” मी म्हटलं. तो बराच वेळ बाळाकडे बघत राहिला.

दर शुक्रवारी बेटावरून फोन यायचा. आधी ती सुनेशी बोलायची, मग मला बोलवायची.

“दूध येतंय का?”

“भरपूर. तुमच्याकडे?”

“व्यायलेल्या सात मेंढ्यांतल्या तिघींना नाही. बाटलीनं पाजतेय.”

“रात्री झोपते का?”

“कोण? मी, का माझी मेंढी?”

“तुम्ही हो.”

“नाही,” ती म्हणायची. “आणि तू?”

तिसऱ्या शुक्रवारी तिनं सांगितलं की वादळात दोन पिल्लं गेली. एवढंच सांगितलं. मी म्हटलं, “माझ्यामुळे.” ती म्हणाली, “हो.” आणि मग, “पोरीचं वजन किती झालं ते सांग.” मी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

मार्चच्या मेंढ्या विऊन झाल्या, मग एप्रिलच्या झाल्या. आजीबाई दोह्याला आली ती मेच्या मध्यावर, बाहेर तव्यासारखं तापलेलं असताना. लोकरीचा स्वेटर घालून आली, कारण तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. हातापायाच्या काड्या झाल्या होत्या. हात धुऊन, खुर्चीत बसून, ताठ होऊन तिनं दोन्ही हात पुढे केले. तिनं असे हात किती महिने पुढे करून ठेवले होते कोण जाणे.

बाळ तिच्या हातात दिलं आणि बाळानं भोकाड पसरलं.

अडीच महिन्यांच्या जिवाला माणसं ओळखू येत नाहीत, पण हात कळतात. ती उभी राहिली, हलवलं, गुणगुणली, खांद्यावर घेतलं. काही नाही. पोर लालबुंद. साहेबानं घेतलं, सुनेनं घेतलं, भूक नव्हती. शेवटी कुणीतरी माझ्या हातात दिलं. आणि त्या कार्टीनं, खरं सांगते, मी जन्मात एवढं कधी खजील झाले नाही, माझ्या खांद्याला नाक लावलं आणि गप्प झाली.

आजीबाईचे हात अजून तसेच होते. मग तिनं ते मांडीवर ठेवले. मला वाटलं आता ती जाईल, बाहेर कुठेतरी पायरी शोधून बसेल. पण ती मेंढरांतच वाढलेली बाई. ती मला खालपासून वरपर्यंत न्याहाळू लागली. मग जवळ आली, माझ्या कमरेची ओढणी धरली, नाकापाशी नेली. ओढणीला खोबरेलाचा, सायीचा, धुरीचा, अडीच महिन्यांचा वास होता.

“सोड,” ती म्हणाली.

मी एका हातानं गाठ सोडली. तिनं स्वेटर काढून टाकला, ओढणी खांद्यावरून छातीशी गुंडाळून घेतली, चांगली घट्ट, आणि पुन्हा हात पुढे केले. मी बाळ दिलं. पोरीनं तोंड वाकडं केलं, नाक ओढणीत घातलं, हुंगलं, दोनदा कुरकुरली. आणि मग तिची मूठ उघडली आणि ओढणीच्या काठावर पडली.

साहेब खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी डोळे पुसत होते, म्हणजे आता माफी मागायला हरकत नाही असं वाटून तोंड उघडलं, तर आजीबाईनं बोट ओठांवर ठेवलं. बाळाला थोपटत, अगदी सावकाश, मी बहिरी असल्यासारखं, ती म्हणाली:

“पिल्लू मेलेल्या मेंढीला परकं पिल्लू द्यायचं असेल तर आम्ही तिच्याच मेलेल्या पिल्लाचं कातडं त्याला घालतो, मग ती वासानं जवळ घेते. नशीब समज, आज ओढणीवर भागलं. बेटावर असतीस तर यासाठी मला आधी तुला सोलावं लागलं असतं.”